उघड्या दुकानाचा फोटो

कार्तिकातल्या एका बाजारच्या दिवशी, भर दुपारी, तीर्थपुरीच्या मेन रोडवरचं रखमाजींचं पाइपांचं दुकान त्या पत्त्यावर अस्तित्वात नाही, असा शेरा कर खात्याच्या नोंदीत पडला. शेऱ्याला एक फोटो जोडलेला होता. फोटोत दुकान उघडं होतं, दाराशी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी रचलेली होती आणि गादीवर स्वतः रखमाजी बसलेले होते.

पौषातल्या एका रविवारी, आभाळ भरून आलेलं असताना, प्रियदर्शनी जालन्याहून शेतावर पोचली तेव्हा आगटी पेटलेली होती. घरच्या हुरड्याला या वर्षी तिला कोणी बोलावलं नव्हतं. येऊ नकोस, असंही कोणी म्हणालं नव्हतं. या दोन गोष्टींतलं अंतर मोजत ती जीपमधून उतरली आणि बांधावरून चालत आली. गेल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसाने ज्वारीची कणसं खालून काळी पडली होती. गोवऱ्यांचा धूर वर न जाता शेंदऱ्या बोरीच्या फांद्यांखालीच साचून राहिला होता.

"आल्या का साहेब?" सोमेश्वरकाका तिच्याकडे न बघता म्हणाले. "बसा. का आधी जागेची पाहणी करता? आमी हावोत का न्हाईत, ते तपासून घ्या एकडाव."

"पाणी तर पिऊ द्या तिला," मीनाकाकू म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला. नवऱ्याने मान वर करताच त्या पुन्हा लसणाच्या चटणीकडे वळल्या.

प्रियदर्शनी घोंगडीच्या कडेला बसली. पलीकडे तिचे वडील, राधेश्याम, कणसं निवडत होते. शाळेत गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. वर्गात ते कोणालाही फळ्यापाशी उभं करत, पण थोरल्या भावासमोर, म्हणजे सोमेश्वरसमोर, त्यांनी आजवर एकही वाक्य पूर्ण केलेलं नव्हतं. आताही ते मुलीला "बस" म्हणाले आणि नंतरचं वाक्य त्यांनी कणसालाच सांगितलं असावं.

मधोमध आबा होते. ऐंशी ओलांडलेले रखमाजी. हुरडा चोळण्याचा मान अजून त्यांचाच. निखाऱ्यातून कणीस काढायचं, तळहातांत दाबून चोळायचं, फुंकर मारून फोल उडवायचं आणि हिरवे, वाफाळते दाणे मुठीत धरायचे. पहिली मूठ थोरल्या नातीची, हा या घरचा रिवाज प्रियदर्शनी बोलायला लागली तेव्हापासून चालत आलेला. ती विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होती तेव्हा आबांनी ती मूठ फडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरजवळ दिली होती.

आबांनी कणीस काढलं. चोळलं. फुंकलं. मूठ मिटून ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी ती सोमेश्वरच्या ताटलीत उलटी केली.

प्रियदर्शनीने आपला पुढे आलेला हात परत घेतला आणि गूळ फोडायला लागली.

त्या शेऱ्यावरून दुकानाची कर खात्यातली नोंदणी रद्द झाली होती. नोंदणी नाही म्हणून कंपन्यांचा माल येईना, माल नाही म्हणून ऐन ठिबकच्या हंगामात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जात होतं. शेरा आणि फोटो जोडून आलेल्या नोटिशीला सोमेश्वरने उत्तर दिलं होतं, ते कोणी वाचल्याची खूण नव्हती. गुढीपाडव्याला शटर कायमचं खाली ओढावं लागेल, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. आणि कर खात्यात, जालन्याच्या कचेरीत, घरचीच पोरगी निरीक्षक होती. त्यामुळे कारण शोधायची गरज कोणाला वाटली नव्हती. दिवाळीत कर खात्याचा सरकारी खर्च कापण्यावरून काका-पुतणीत भर पंगतीत वाद झाला होता आणि त्यानंतर लगेच हा शेरा पडला होता. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत नातं असतंच, असं मानणाऱ्यांपैकी हे घर होतं. प्रियदर्शनी त्यांतली नव्हती. पण तिच्याकडे दुसरं कारणही नव्हतं, आणि कारण नसलेल्या माणसाचं म्हणणं निर्दोष असलं तरी पोकळ वाटतं, हे तिला पटत होतं.

"उद्या घनसावंगीला या," काका म्हणाले. "खासदार येऊन राह्यले. व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणार, मंग दिल्लीत बोलणार. कर खात्याचा खर्चा अजून कापायचा का न्हाई, त्याच्यावर. तालुक्याच्या वतीनं मी बोलणार हाये."

"बोला ना, काका. तुमचं मत हाये ते."

"नुसतं मत न्हाई. दाखला देणार हाये. म्हणणार, साहेब, माझी सख्खी पुतणी ह्या खात्यात. घरातला एक शब्द तिला लागला, तर तिनं चालतं दुकान कागदावर गायब केलं. आशा खात्याला पैसा काहून द्यायचा? आमचाच पैसा, आन् आमच्याच मानेवर सुरी!"

आगटीत एक गोवरी खचली. मीनाकाकूंचा हात चटणीत थांबला.

"तिचं नाव घेणार?" त्यांनी विचारलं.

"नाव कशाला घ्यायचं? तालुक्याला ठाऊक हाये कोणाची कोण ती."

हे बोलणं भाषणापुरतं राहणार नाही, हे प्रियदर्शनीला दिसत होतं. चौकशी लागेल, लागली तर ती कोरडी सुटेल. त्याची तिला भीती नव्हती. पण तीर्थपुरीत उतरल्यावर कोणत्या दारात शिरायचं, हा प्रश्न कोणतीच चौकशी सोडवणार नव्हती.

"काका, घरच्यांचं प्रकरण माझ्याकडं येऊ नये, असं नोकरीला लागले तवाच मी लिहून दिलंय. मी ती फाइल उघडू पण शकत न्हाई. शेरा काय हाये, तो फोटो कसा हाये, हे मला तुमच्याच मोबाइलवर कळलं."

"वाचवायची येळ आली की हात बांधलेले. मारायच्या येळी बराबर सुटतेत!"

"मी न्हाई केलं."

"मंग कोणी केलं? दुकानात तर कोणी आलंच न्हाई. आण्णासाहेब यायचे तवा समद्या रोडला कळायचं."

अण्णासाहेब हे जुने निरीक्षक. दरवर्षी दिवाळीच्या आधी यायचे, पाय पसरून बसायचे, माल बघायचे, दोन चुका काढायचे आणि एक सोडून द्यायचे. त्यांच्याकडे बघूनच प्रियदर्शनीला हे खातं बरं वाटलं होतं.

"आण्णासाहेब रिटायर झाले," ती म्हणाली. "त्यांच्या जागी कोण आलं?"

"कोणी न्हाई. बरंच झालं. एक पगार वाचला."

"पगार वाचला, काम राह्यलं. जागा बघायचं काम आता ठेक्यानं दिलंय. एक माणूस येतो, दोन प्रश्न विचारतो, फोटो काढतो, पुढच्या गावाला जातो. त्याला फोटोमागं पैसे. आन् शेरा, फोटो जुळतेत का ते बघणारं टेबल होतं, ते मागच्या कपातीत रिकामं झालं. तुमी मागून राह्यला ती कपात आधीच झालेली हाये, काका. दुकान गेलं ते खातं लई मोठं हाये म्हणून न्हाई."

"भाषण मला करायचंय, तुला न्हाई," सोमेश्वर म्हणाले. "तुमच्याकडं माणसं होती तवा काय दिवे लावले? जालन्यातल्या मोठ्या मोठ्यांना हात लागला न्हाई कधी. तीर्थपुरीच्या पाइपवाल्याला मात्र दरसाल पाहणी."

त्यात तथ्य होतं आणि प्रियदर्शनीने ते नाकारलं नाही. ती गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं घोंगडीवरच्या सगळ्यांनी कबुली म्हणून घेतलं.

राधेश्यामांनी घसा साफ केला. "प्रिया, तू आसं कर. बदलीचा अर्ज देऊन टाक. लांब कुठं तरी. दोनचार वर्षं."

आज त्यांनी वाक्य पूर्ण केलं होतं.

"बाबा, तुमाला पण वाटतं मी केलं?"

"मला काय वाटतं त्याला काय अर्थ हाये? लोकांना काय वाटंल ते बघावं लागतं." त्यांनी काळं कणीस बाजूला टाकलं, आणि त्याच्या मागोमाग एक चांगलंही टाकलं.

प्रियदर्शनीने काकांचा मोबाइल मागितला. काकांनी तो घोंगडीवरून सरकवला, हातात दिला नाही. तिने फोटो पुन्हा उघडला. शिकताना तिला एक सवय लागली होती: आधी काय दिसतं ते म्हणायचं, त्याचा अर्थ नंतर लावायचा. दिसत होतं ते असं. वरच्या पाटीवर पाइपच्या कंपनीचं नाव ठळक होतं. दुकानाचं नाव कधीकाळी खाली रंगवलेलं, ते उन्हाने पुसलं गेलं होतं. दार उघडं. माल भरपूर. गादीवर आबा. आबांचा उजवा हात छातीच्या उंचीवर उचललेला, तळवा बाहेर, बोटं थोडी पसरलेली. ओठांची एक कड वर गेलेली.

हात तसा का होता, हे तिला सांगता येईना. नमस्कार नव्हता तो. फोटो काढू नको, असाही नव्हता. तसं असतं तर चेहऱ्यावर ते हसू नसतं.

"आबा, त्या दिवशी दुकानात तुमीच होते ना?"

"आसंल," आबा म्हणाले. "सोमेश्वर घनसावंगीला गेल्ता, ह्याच खर्चाकपातीच्या बैठकीला. बाजारच्या दिवशी मला शंभर माणूस दिसतं, पोरी. कोणाकोणाचं ध्यान ठेवू?" या दुपारभरात ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले होते, आणि बोलताना निखारे परतत होते.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. विजेच्या मीटरचं बघणारे तातेराव पिशवी सावरत खाली उतरले. विहिरीवरची मोटार मघापासून धडधडत होती. पाटाचं पाणी हरभऱ्याकडे वळत होतं.

"रामराम, आबा! कनेक्शनचे मालक कुठं हायेत?"

आबांनी कणीस खाली ठेवलं. उजवा हात छातीच्या उंचीवर उचलला, तळवा बाहेर केला. ओठांची कड वर गेली.

"मालक न्हाईत," ते म्हणाले. "जालन्याला गेले. मोटार बंद हाये. शेत इकलं त्यायनी. आमी आपले वाटसरू, धूर दिसला म्हणून बसलोत."

विहिरीवर मोटार धडधडतच होती.

"आसं का?" तातेराव पिशवी ठेवत म्हणाले. "मंग मालक येईस्तोवर हुरडा तर चारा. आन् त्या बंद मोटारीचा लई आवाज येऊन राह्यला, कानात बोळे घालायला द्या." सोमेश्वरही हसले. मीनाकाकूंनी ताटली भरली. तातेरावांनी खाल्लं, दह्याचं बोट चाटलं, विहिरीवर जाऊन मीटर बघितलं, हवं ते टिपलं आणि गेले. झाकायचं काही नव्हतंच. मीटर बरोबर होतं, बिल भरलेलं होतं.

ही या घरची जुनी खोड. निजामाच्या अमलात सक्तीच्या लेव्हीचं धान्य उचलायला माणसं यायची तेव्हा आबांच्या वडिलांनी ती अंगणात उभं राहून सुरू केली, तेव्हा त्यात जीव वाचवायची धडपड होती. आबांपर्यंत येता येता तिचा खेळ झाला. सरकारी माणूस आला की आधी मालक नाहीत, मग चहा, मग मालक. अण्णासाहेब तर दारातूनच ओरडायचे, "मालक न्हाईत, ठाऊक हाये, साखर कमी टाका!" लहानपणी गादीमागे बसून प्रियदर्शनीने हा खेळ इतक्यांदा पाहिला होता, की पुढे तो तिला दिसायचाच बंद झाला.

तिने मोबाइल उचलला. फोटोतला हात आणि समोरचा हात तोच होता. ओठांची कडही तीच होती.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच नको इतका सपाट वाटला, "त्या दिवशी एक माणूस मोबाइल घेऊन दुकानात आल्ता. त्यानं विचारलं असंल, या नावाचं दुकान इथं चालतं का. तुमी काय म्हणले?"

आबांनी निखाऱ्यांवर राख ओढली.

"एक पोरगं आल्तं," ते म्हणाले. "गळ्यात पट्टा. हेल्मेट बी काढलं न्हाई. म्हणलं, मालक कुठं हायेत? मी म्हणलो..." त्यांचा हात आपोआप वर आला आणि अर्ध्यावर थांबला. "म्हणलो, मालक न्हाईत. दुकान इकून गेले जालन्याला. बंद हाये."

"मंग?"

"मंग काय? मी म्हणलो बस, चहा घे. तर ते गेलं बी. चहाला थांबलं न्हाई, म्हणून मला वाटलं बिम्याबिम्याचं आसंल. खात्याचा माणूस चहाबिगर जात असतो का कधी?"

कोणी हसलं नाही. सोमेश्वरने मोबाइल ओढून घेतला, फोटो मोठा केला, बापाचा हात बघितला आणि मोबाइल उलटा ठेवला.

"आबा, तुमी आपल्याच दुकानाला इकलं म्हणले?"

"मी समद्यायलाच म्हणतो! पन्नास साल म्हणतोय. आजवर कोणी खरं धरलं का?"

"ह्यानं धरलं," राधेश्याम म्हणाले. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

बोरीखाली साचलेला धूर खाली उतरला होता, तो सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, आणि डोळे पुसायला प्रत्येकाला निमित्त मिळालं. सोमेश्वर उठून पाटापर्यंत गेले, परत आले.

"उद्या मी काय बोलू? बापानंच दुकान बुडवलं, आसं सांगू? तालुका हसंल. दहा साल हसंल."

"माझ्यावर हसलेलं चालत न्हाई," आबा म्हणाले. "पोरीवर थुकलेलं चालणार व्हतं ना?"

मीनाकाकू उठल्या, नवऱ्याच्या शेजारून प्रियदर्शनीच्या शेजारी येऊन बसल्या आणि गूळ तिच्या हातातून घेऊन स्वतः फोडू लागल्या. एवढंच. पण घोंगडीचा तोल त्याने बदलला.

"काही करता येतंय का?" राधेश्यामांनी विचारलं. "नियमात?"

"परत नोंदणीचा अर्ज करता येतो. काय झालं ते खरं लिहायचं, दुकान चालू असल्याचे पुरावे जोडायचे. अर्ज मी न्हाई लिहिणार, बाबा, मी फक्त सांगते. काकांनी करायचा."

"पाडव्याआधी होईल?"

"तो वाचायला जो अधिकारी पाहिजे, त्याची जागा रिकामी हाये. दुसऱ्या जिल्ह्यातला साहेब दोन्हीकडचं बघतो. किती दिवस लागतील, मी सांगू शकत न्हाई. लागतील त्याहून कमी सांगणार पण न्हाई."

"कधी भरणार ती जागा?" सोमेश्वरने विचारलं. विचारून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू गेलं असावं, कारण ते आगटीकडे वळले.

"ते उद्या खासदारांना विचारा," प्रियदर्शनी म्हणाली. ते बोचरं झालं हे तिला कळलं, पण तिने ते परत घेतलं नाही.

आबांनी निखाऱ्यातलं उरलेलं एक कणीस ओढलं. आगटी विझत आली होती. त्यांनी चोळलं, फुंकर मारली. दम कमी पडला आणि अर्धं फोल दाण्यांतच राहिलं. मूठ त्यांनी नातीसमोर धरली. तिने हात पुढे केला. दाणे गार होऊन घट्ट झाले होते, फोल जिभेला टोचत होतं. ती सावकाश चावत राहिली. आबा तिच्या चावण्याकडे बघत बसले.

सोमेश्वरने खिशातून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून राधेश्यामांनी गुळाचा कागद झटकून मांडीवर पसरून दिला.

"काय लिहू? अजाणता चूक झाली, आसं?"

"चूक न्हाई लिहायचं," आबा म्हणाले. "जसं झालं तसं लिही. माझं नाव घालून लिही. उद्या बी तेच बोल."

सोमेश्वरने बापाकडे बघितलं, पेनचं टोपण काढलं. मग ते वाकले, आणि प्रियदर्शनी सांगत गेली तसं लिहीत गेले:

'पाहणीच्या दिवशी दुकान चालू होतं. पाहणी करणाऱ्याने मालक कुठे आहेत असं विचारलं. गादीवर बसलेले मालक, माझे वडील रखमाजी, यांनी मालक नाहीत, दुकान विकून बंद केलं, असं उत्तर दिलं. येणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाला ते असंच सांगतात. आजवरची माणसं थांबून खातरजमा करत. हा माणूस नवीन होता, त्याला थांबायला वेळ दिलेला नव्हता, आणि त्याने पाठवलेला उघड्या दुकानाचा फोटो बघायला कचेरीत कोणी नव्हतं.'